निकाल पूर्ण वाच

सर, तुमच्या तेराव्याच्या पंगतीत मी दोनदा भात मागून घेतला. वहिनी आतल्या दारातून बघत होत्या, त्यांना जरासं हसू आलं. त्यांना कारण माहीत होतं. कुणाच्या तेराव्याला गेलं की पानावर नुसती बोटं फिरवून उठणाऱ्यांचा तुम्हाला भारी राग यायचा. 'घरच्या बायका पहाटेपासून राबल्यात आणि हे उपाशी उठून दुःख दाखवतायत,' असं तुम्ही परत येताना हमखास म्हणायचात. तेव्हा मी पोटभर जेवले. 

पंगत उठल्यावर तुमच्या काष्टीच्या घराच्या अंगणात जे झालं ते तुम्हाला सांगायचं आहे. त्याच्यासाठीच लिहायला बसले आहे. पण एकदम तिथं जात नाही. पक्षकार रडत रडत शेवटापासून सांगायला लागला की त्याला आधी पाणी द्यायचं आणि पहिल्यापासून विचारायचं, हे तुम्हीच शिकवलंत.

तर पहिल्यापासून. वकिलीची सनद हातात येऊन आठ महिने झाले होते आणि तालुक्याच्या कोर्टात मला बसायला खुर्ची नव्हती. वकिलांच्या टेबलांची ती पत्र्याच्या शेडमधली रांग मी दोनदा पालथी घातली. सगळे गोड बोलायचे. 'अहो बाई, आमच्याकडं जागाच नाही हो.' माझे वडील मिशनच्या शाळेत मास्तर, माझ्यासाठी कुणाकडं शब्द टाकायचा, हे त्यांना माहीत नव्हतं. शेवटी ते स्वतःच माझ्याबरोबर आले आणि तुमच्या टेबलापुढं हात जोडून उभे राहिले. तुम्ही त्यांना आधी बसवलंत. मग माझ्याकडं बघून एकच प्रश्न विचारलात, 'लूना चालवता येते का?'

मला वाटलं, थट्टा करताय. पहिल्याच आठवड्यात कळलं. जमिनीच्या दाव्यात जमीन बघितल्याशिवाय तुम्ही कागदाला पेन लावत नव्हता. तुमची लूना घेऊन मी त्या तालुक्यातले किती बांध पाहिले त्याला गणती नाही. उन्हात रापून परत यायचे आणि तुम्ही विचारायचात, 'विहिरीला पायऱ्या कुठल्या बाजूनं आहेत?' ते मी पाहिलेलंच नसायचं. 'उद्या परत जा.' मी मनातल्या मनात तुम्हाला काय काय म्हणायचे, ते आता सांगत नाही.

माझं नाव ऐकलं की पक्षकार जरा थबकायचे. मार्था म्हणजे कोण, हे काही गावांत लगेच कळत नाही, आणि कळलं की पुढचा प्रश्न येतो. 'कुठल्या म्हणायच्या बाई?' तुम्ही कागदातून डोकं वर न काढता म्हणायचात, 'माझ्या ऑफिसच्या.' बस. विषय तिथंच संपायचा. सर, यासाठी मी तुमचे आभार कधीच मानले नाहीत. तुम्हाला ते आवडलंही नसतं. पण आता तुम्ही मला थांबवू शकत नाही, तेव्हा मानते.

माझी एक खोड तुम्हाला शेवटपर्यंत घालवता आली नाही. निकालाची नक्कल हातात आली की मी थेट शेवटचं पान उघडायचे. हरलो का जिंकलो, एवढंच बघायचं आणि नक्कल फायलीत. तुम्ही चिडायचात. 'दहावीचा निकाल आहे का हा? पास-नापास बघून मोकळी झालीस! माणसानं बारा पानं लिहिलीत, ती काय पानं भरायला लिहिलीत?' मी 'हो सर' म्हणायचे आणि पुढच्या वेळी परत शेवटचं पान उघडायचे.

तुम्ही वकिली सोडलीत त्याचं कारण बाररूममध्ये प्रत्येकजण वेगळं सांगायचा. कुणी म्हणायचं लाल दिव्याचा सोस, कुणी म्हणायचं सासुरवाडीचा आग्रह. खरं कारण मला ठाऊक आहे, कारण मी शेजारी बसले होते. विहिरीच्या हिश्श्याचा एक जुना दावा तुम्ही जिंकलात. म्हातारा पक्षकार पेढे घेऊन आला, तुमच्या पाया पडायला लागला, तुम्ही त्याला उचललंत. तीन महिन्यांनी तोच म्हातारा परत आला आणि तुमच्या टेबलापुढं उकिडवा बसला. 'सायेब, आपन जिकलो न्हवं?' तुम्ही म्हणालात, 'जिंकलो की.' तो म्हणाला, 'मग पानी कुठंय?'

तुम्ही हसलात. मीही हसले. संध्याकाळी टेबल आवरताना म्हणालात, 'मार्था, कोर्टात नुसता कागद मिळतो, जागेवर पाणी काढून देतो तो तहसीलदार. वयाची एकच संधी उरलीय. मी परीक्षेला बसतो.' माझी तळपायाची आग मस्तकात गेली. चांगली चाललेली वकिली, टेबलापुढं पक्षकारांची रीघ, आणि तुम्ही पस्तिशीत गाईड घेऊन बसणार! वहिनीही चिडल्या होत्या. त्यांनी मला सांगितलं, 'तूच काहीतरी बोल त्यांना.' मी बोलले. तुम्ही ऐकून घेतलंत आणि मधल्या सुट्टीत मला गाईड देऊन म्हणालात, 'विचार प्रश्न.'

कायदा तुम्हाला तोंडपाठ, पण सामान्य विज्ञानात तुम्ही असे गोते खायचात की मला हसू आवरायचं नाही. शेतकऱ्याच्या घरात जन्मून तुम्हाला कुठल्या पिकाला कुठलं खत हे सांगता येत नव्हतं. डब्यातली भाकरी हातात, आणि तुम्ही डोळे मिटून जीवनसत्त्वं आठवताय, हे चित्र मी विसरणार नाही. शेडमधले बाकीचे वकील टिंगल करायचे. तुम्ही त्यांच्या नाकावर टिच्चून पास झालात आणि नायब तहसीलदार म्हणून निघालात.

जाण्याआधीचा महिना मात्र तुम्ही माझ्यासाठी घालवलात. एकेका पक्षकाराच्या घरी मला घेऊन गेलात आणि सांगितलंत, 'आता बाई बघतील. मी बघत होतो तसंच बघतील.' काहींनी फायली काढून नेल्या, पण बरेचजण राहिले. टेबल, दोन खुर्च्या आणि लोखंडी कपाट तुम्ही ठेवून गेलात. माझ्या मुलीचं शिक्षण, वडिलांचं शेवटचं आजारपण, डोक्यावरचं छप्पर, सगळं त्या टेबलावर झालं. हे तुम्हाला माहीत होतं की नाही, मला माहीत नाही. मी कधी बोलले नाही.

तुमची पहिली नेमणूक आपल्या नगर जिल्ह्यातल्याच अकोले तालुक्याच्या डोंगरात झाली. वहिनी आणि मी एकदा तुम्हाला भेटायला आलो तर ऑफिसात तुम्ही नव्हताच. शिपाई म्हणाला, 'साहेब राजूरच्या बाजारात बसलेत.' वहिनींना वाटलं भाजी घ्यायला गेलात. जाऊन बघतो तर तांदळाच्या आणि सुक्या बोंबलाच्या पाट्यांच्या मधोमध एक टेबल, त्यावर अर्जांची चवड, आणि मागं तुम्ही. डोंगरातली माणसं एरवी तालुक्याला येणार कशी, बाजाराला तर येतातच, मग ऑफिसनंच बाजारात यावं, हा तुमचा हिशेब. आम्ही उभ्या होतो तेव्हाच एक आजी टेबलापाशी आली, कागद हातात घेऊन उलटा-सुलटा केला आणि म्हणाली, 'केवढ्याला दिला कागुद, दादा?'

'फुकट हाय आजी. फक्त अंगठा द्यायचा.'

'फुकट हाय? मंग दोन दे.'

वहिनी तोंडाला पदर लावून हसत होत्या. तुम्ही मात्र गंभीरपणे आजीला दोन अर्ज दिलेत, आणि दुसरा तिच्या जावेच्या नावानं भरून घेतलात. त्या दिवशी पहिल्यांदा माझा राग गेला. वकिली सोडून तुम्ही चूक केली नव्हती, एवढं मला त्या बाजारात कळलं.

पुढं तुम्ही तहसीलदार झालात. तुमची एक पद्धत जिल्ह्यात सगळ्यांना माहीत झाली. निकाल झाला की तुम्ही दोन्ही बाजूंना आवारातल्या कडुलिंबाखाली बोलवायचात आणि हरलेल्याला समोर बसवून त्याला आधी, पहिल्या ओळीपासून, साध्या भाषेत वाचून दाखवायचात. मी एकदा विचारलं, जिंकणाऱ्याला का नाही आधी? तुम्ही म्हणालात, 'तो ऐकतो कुठं? तो पेढे आणायला पळतो. हरलेल्यानं ऐकलं पाहिजे. आपण का हरलो, हे कळल्याशिवाय त्यानं घरी जायचं नाही.'

आता ती केस, सर. आपल्यात बोलायची राहिलेली.

शनिशिंगणापूरच्या शिवारातले तात्या. त्यांनी शेजारच्या मंदाबाईंच्या उसाची वाट चर खांदून बंद केली होती, आणि मंदाबाईंनी तुमच्यापुढं रस्त्याचा दावा लावला होता. तात्यांची मुलगी आमच्या तालुक्यात दिलेली. जावयानं त्यांना सांगितलं, 'तहसीलदारांच्या जुन्या ज्युनिअर आमच्या कोर्टात आहेत, त्यांना द्या वकीलपत्र.' तात्या एवढ्या लांबून माझ्याकडं का आले, हे मला पहिल्या मिनिटाला कळलं. कळूनही मी केस घेतली. ही माझी पहिली चूक. तुमच्यापुढं उभं राहायचं, तुम्ही 'बोला वकीलबाई' म्हणायचं, याची मला हौस होती.

तुम्ही पहिल्याच तारखेला भर ऑफिसात सांगितलंत, 'ह्या बाई माझ्या ज्युनिअर होत्या. कुणाची हरकत असेल तर आत्ता सांगा, मी केस दुसरीकडं पाठवायला लिहितो.' मंदाबाई म्हणाल्या, 'आमची न्हाई हरकत.' मग तुम्ही तात्यांकडं वळून म्हणालात, 'तात्या, तुमच्या गावात घराला दार नाही, आणि शेताला चर खांदताय होय?' सगळे हसले. तात्यासुद्धा हसले.

माझा मुद्दा साधा होता. गावनकाशात मंदाबाईंच्या शेताला शिवेच्या अंगानं दुसरा रस्ता दाखवलेला आहे. दुसरा रस्ता असताना माझ्या पक्षकाराच्या रानातून वाट मागायचं कारण नाही. युक्तिवादाच्या दिवशी मी तो नकाशा तुमच्या टेबलावर पसरला आणि अर्धा तास बोलले. चांगलं बोलले, हे मी आजही म्हणेन. तुम्ही शांतपणे ऐकलंत आणि विचारलंत, 'वकीलबाई, त्या दुसऱ्या रस्त्यावरचा ओढा पाहिलात?'

मी म्हटलं, 'साहेब, नकाशा बोलतो आहे.'

तुम्ही नकाशाची घडी घालून तो फायलीत ठेवलात. ज्या माणसानं मला लूना देऊन विहिरीच्या पायऱ्या बघायला दोनदा पाठवलं, त्याला मी हे उत्तर दिलं. पण तेव्हा मला ते जाणवलंसुद्धा नाही.

निकालाच्या दिवशी लिंबाखाली तुम्ही तात्यांना समोर बसवलंत, तेव्हाच मला कळलं की आम्ही हरलो. तुम्ही वाचायला लागलात, आणि 'मी स्वतः जागेवर जाऊन पाहणी केली' हे शब्द ऐकले मात्र, माझं डोकं फिरलं. पाहणी? कधी? मला न कळवता? वकिलाला नोटीस न देता अधिकारी जागेवर जातो? मी पर्स उचलली आणि तुमचं वाचन चालू असताना उठून निघून गेले. आवारातली सगळी माणसं बघत होती. तुम्ही थांबला नाहीत, वाचत राहिलात.

दुसऱ्या दिवशी मी फोन केला. काय बोलले ते तुम्हाला आठवत असेल. मला शब्द न् शब्द आठवतो. 'सर, तुम्हाला स्वच्छ दिसायचं होतं म्हणून माझ्या पक्षकाराचा बळी दिलात. आणि तोही चोरून पाहणी करून.' मग तुम्ही म्हणालात, 'मार्था, निकाल पूर्ण वाच.' मी म्हटलं, 'वाचण्यासारखं काही उरलं नाही,' आणि फोन ठेवला. तात्यांनी अपील करायला नकार दिला. मला वाटलं, त्यांचा माझ्यावरचा विश्वास उडाला. नक्कल मी कपाटात टाकली.

इथवर माझं आणि तुमचं होतं. यापुढं मी जे केलं ते वाईट आहे. बाररूममध्ये मी ही गोष्ट सांगितली. एकदा नाही, विषय निघेल तेव्हा. 'आमच्या सरांनी नोटीस न देता पाहणी केली, स्वच्छ दिसायला ज्युनिअरला पाडलं.' लोकांना अशा गोष्टी गोड लागतात. तुम्ही निवृत्त झालात तेव्हा वकीलसंघात तुमच्या सत्काराचा विषय निघाला. आपल्यातून गेलेला माणूस प्रांताधिकारी होऊन निवृत्त होतोय, सत्कार करू, असं अध्यक्ष म्हणाले. मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, 'माझी हरकत नाही, पण मी येणार नाही.' विषय मागं पडला. सत्कार झाला नाही.

तुम्ही मात्र दर नाताळला येत राहिलात. वहिनींना घेऊन, हातात मोसंब्यांची पिशवी. मी करंज्या वाढायचे, चहा करायचे आणि हवापाण्याचं बोलायचे. तुम्ही विचारायचात, 'केसेस कशा चालल्यात?' मी म्हणायचे, 'चाललंय.' गेल्या नाताळला तुम्ही तिसरी करंजी मागून घेतलीत आणि वहिनींनी डोळे वटारले. तेवढंच. ती आपली शेवटची भेट होईल, असं मनातही आलं नाही.

आता तेराव्याचं सांगते.

पंगत उठल्यावर मी अंगणात हात धूत होते. एक म्हातारा काठी टेकत आला. 'वळखलं का, बाई? म्या तात्या. शिंगनापूरचा.' त्यांच्या मागं एक बाई उभी होती. त्या मंदाबाई होत्या. एकाच जीपनं दोघं आली होती.

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, 'तात्या, आपण ती केस हरलो...'

'हारलो तर हारलो की,' तात्या म्हणाले. 'पर सायबांनी रस्ता लई बेस काढून दिला. सरळ काढला आस्ता तर माज्या मोसंबीची अठरा झाडं जात हुती. बांदाच्या कडंनं काढला, दोनच गेली. आता माजा बी ऊस त्याच वाटंनं जातो.' मग काठी दुसऱ्या हातात घेत म्हणाले, 'त्या दिशी आमी तुमची लई वाट बघितली, बाई.'

'कुठल्या दिवशी?'

'पाहनीच्या. सायेब वड्याच्या काठाला उभे. तलाठी म्हनला, उरकू या सायेब, ऊन लई झालंय. तर म्हनले, थांबा. बाई येनार हायत.'

मंदाबाई म्हणाल्या, 'यष्टीनं येत्यात, उशीर हुतो, आसं म्हनले. दीड तास थांबले. बसले सुदिक न्हाईत. मी तुमच्यासाटी पान्याचा तांब्या भरून ठिवला हुता.'

मी म्हटलं, 'पण मला कुणी कळवलंच नव्हतं.'

तात्यांनी माझ्याकडं जरा संकोचानं बघितलं. 'आता काय सांगू, बाई. तुमी नकाशा दावला त्याच तारकंला कारकुनानं पाहनीचा दिस तुमाला वाचून दावला न्हवं का? तुमी हां हां म्हनला, सही केली आन पळाला. यष्टी चुकंल म्हनून.'

'मग ओढ्यातून रस्ता नाही, हे तुम्ही तरी मला का नाही सांगितलं?'

'तुमी इचारलं न्हाई. आन तुमी येवढ्या ठासून नकाशा दावीत हुता, मला वाटलं, वकिलाचा कायतरी डाव आसंल.'

मी तिथंच पायरीवर बसले. मंदाबाईंनी पाणी आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी कोर्टात गेल्या गेल्या कपाटातून ती नक्कल काढली. नऊ वर्षांत टाचणीचा गंज कागदाला लागला होता. पहिल्यांदा मी पहिलं पान उघडलं. चौथ्या पानावर तुम्ही लिहिलं आहे (सामनेवाले म्हणजे आपले तात्या): 'सामनेवाले यांच्या विधिज्ञांना पाहणीचा दिनांक रोजनाम्यावर अवगत करण्यात आला होता. जागेवर त्यांची दीड तास प्रतीक्षा केली. काही अपरिहार्य अडचणीमुळे त्या उपस्थित राहू शकल्या नसाव्यात. त्यांच्या अनुपस्थितीमुळे सामनेवाले यांचे नुकसान होऊ नये म्हणून त्यांनी मांडलेले मुद्दे मी स्वतः जागेवर तपासून पाहिले.'

रोजनाम्याची, म्हणजे तारखेतारखेच्या नोंदीच्या कागदाची, नक्कल मागं जोडलेली होती. माझी सही. घाईतली, पण माझीच.

अपरिहार्य अडचण, सर! सरकारी निकालात, सही-शिक्क्यासह, तुम्ही माझ्यासाठी एक अडचण तयार केलीत. मी वाचलं नव्हतं, एवढीच ती अडचण होती. आणि मी आले नाही म्हणून माझं काम तुम्ही उन्हात उभं राहून केलंत. माझा नकाशा हातात घेऊन, माझे मुद्दे एकेक करून, ओढ्याच्या काठावर. मी लढले असते त्याहून चांगली बाजू तुम्ही तात्यांची लढलात, आणि तरी त्यांच्या विरुद्ध निकाल दिलात, कारण ओढ्यातून रस्ता नव्हता.

मला तुमचा रागही आला, हे लपवत नाही. एक फोन करायचा होतात. 'रोजनामा बघ' एवढे दोन शब्द. बाररूममध्ये मी काय काय बोलते, हे तुमच्या कानावर आलंच असणार, नगर जिल्ह्यात काही लपत नाही. तुम्ही एक कागद दाखवला असतात तर माझं तोंड बंद झालं असतं. तुम्ही माझी चूक झाकत राहिलात आणि मी नऊ वर्षं चुकत राहिले. हा तुमचा मोठेपणा मला पटलेला नाही. तुम्ही असतात तर यावर आपण कडाकडा भांडलो असतो, आणि वहिनींनी मध्ये येऊन चहा ठेवला असता. पण भांडता भांडता तुम्ही म्हणाला असतात, 'सांगितलं होतं की.' आणि तेही खरंच आहे. पहिल्याच दिवशी, फोनवर, सांगितलं होतंत. त्याहून जास्त सांगितलं असतं तर मला खाली बघायला लागलं असतं, आणि माझ्यावर ती वेळ तुम्ही कधीच आणली नाहीत. पत्र्याच्या शेडमध्येही नाही.

मागच्या आठवड्यात वकीलसंघानं तुमची शोकसभा घेतली. मला बोलायला सांगितलं, कारण मी तुमची ज्युनिअर. मी नक्कल बरोबर नेली होती. चौथं पान वाचलं, मग रोजनामा वाचला, आणि सही माझी आहे असं सांगितलं. निवृत्तीचा सत्कार माझ्यामुळं झाला नाही, हेही सांगितलं. आपले जुने अध्यक्ष हळूच म्हणाले, 'बाई, आता हे इथं कशाला?'

मी म्हटलं, 'इथंच बोलले होते म्हणून.'

तिथून निघाले ती थेट काष्टीला आले आणि वहिनींना तेच सांगितलं. त्यांनी माझा हात हातात घेतला, एवढंच. मग घरी मुलीला सांगितलं. ज्यांच्या ज्यांच्यापुढं तुमच्याबद्दल वाईट बोलले होते त्यांना गाठून सांगते आहे, अजून काहीजण राहिलेत, त्यांनाही गाठेन.

सर, तुमचा निकाल बरोबर होता आणि मी चुकले होते. सगळ्यांना हे सांगता येतंय. ज्यांना सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं, ते तुम्हीच तेवढे राहिलात.